मध्यमवर्ग मोजणाऱ्यांना एक अनावृत पत्र

प्रति,
देशोदेशींची सांख्यिकी कार्यालये, जागतिक बँक, ओईसीडी (प्रामुख्याने श्रीमंत देशांची आर्थिक संघटना) आणि मध्यमवर्गाचा आकडा वेळोवेळी जाहीर करणारे सर्व संशोधक यांस,

स. न. वि. वि.

दिवसाला माणशी पाच डॉलरवर घर चालवणारे एक कुटुंब घ्या. आफ्रिकन विकास बँकेने २०११ साली लावलेल्या मोजपट्टीने, म्हणजे माणशी २ ते २० डॉलर, ते मध्यमवर्गीय ठरते. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो या अर्थतज्ज्ञांनी २००८ मध्ये तेरा देशांतल्या पाहण्यांचा अभ्यास करताना २ ते ४ आणि ६ ते १० डॉलर असे दोन गट धरले होते. आपले कुटुंब नेमके त्या दोहोंमधल्या फटीत पडते. अर्थतज्ज्ञ होमी खरास यांच्या १० ते १०० डॉलरच्या पट्ट्यात त्याला जागा नाही आणि अमेरिकेतल्या प्यू संशोधन केंद्राच्या १० ते २० च्या पट्ट्यातही नाही. आता माणशी तीस डॉलरवाले कुटुंब घ्या. खरास त्याला मध्यमवर्गीय म्हणतात, प्यू त्याची रवानगी ‘उच्च-मध्यम’ गटात करते आणि आफ्रिकन विकास बँकेच्या लेखी ते मध्यमवर्ग केव्हाच ओलांडून गेलेले असते. हे सगळे डॉलर क्रयशक्तीनुसार, म्हणजे त्या त्या देशातली महागाई-स्वस्ताई धरून, जुळवलेले आहेत आणि त्यांची आधारवर्षे, म्हणजे ज्या वर्षाच्या किमती धरल्या ती वर्षे, निरनिराळी आहेत, हे मी विसरलेलो नाही. पण खालची रेषा एकाकडे दोनवर आणि दुसऱ्याकडे दहावर असावी, एवढा फरक आधारवर्षाने पडत नाही.

मतभेदांबद्दल माझी तक्रार नाही. रेषा कुठे ओढायची यावर तुमचे पटत नाही, पण ती पैशांच्या एका रकमेवरच, मग ती उत्पन्नाची असो वा एकूण खर्चाची, ओढायची यावर मात्र तुम्हा सर्वांचे एकमत आहे. माझा आक्षेप त्या एकमतावर आहे.

या रेषांवरून किती मोठ्या बातम्या होतात ते पाहा. २०११ च्या त्या अहवालावरून ‘आफ्रिकेतला दर तिसरा माणूस मध्यमवर्गीय’ असे जगभर छापून आले. अहवालाच्या आत मात्र असेही लिहिले होते की यांतले बहुसंख्य लोक २ ते ४ डॉलरच्या गटातले आहेत. त्या गटाला बँकेनेच ‘तरंगता वर्ग’ असे नाव दिले होते, कारण एखादा धक्का बसला की ही माणसे पुन्हा दारिद्र्यात जाऊ शकतात. म्हणजे जे बुडण्याच्या बेतात आहेत त्यांनाही काठावर पोहोचलेले म्हणून मोजले गेले. मथळ्यात काठ राहिला, तरंगणे आतल्या पानांत गेले. २०१८ मध्ये खरास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातली निम्म्याहून अधिक लोकसंख्या आता मध्यमवर्गीय किंवा त्याहून श्रीमंत आहे असे मांडले, तेव्हाही आनंदाची बातमी अशीच झपाट्याने फिरली. ती खोटी होती असे मी म्हणत नाही. मिळकती वाढल्याच होत्या. पण दोनच वर्षांत महासाथ आली आणि जगभरचा मध्यम-उत्पन्न गट सुमारे साडेपाच कोटींनी आक्रसल्याचा अंदाज प्यूने २०२१ मध्ये दिला. ज्यातून माणसे इतक्या पटकन बाहेर पडतात, त्या गटात शिरणे म्हणजे नेमके काय मिळवणे, हा प्रश्न मग पडतोच.

डॉलरची ठरावीक रेषा नको म्हणून तुमच्यातल्या काहींनी सापेक्ष रेषा घेतली. ओईसीडीच्या २०१९ च्या अहवालात मध्यकाच्या ७५ ते २०० टक्के उत्पन्न असलेली कुटुंबे मध्यम-उत्पन्न गटात धरली आहेत. अमेरिकेपुरती प्यूची रीत मध्यकाच्या दोन-तृतीयांशापासून दुपटीपर्यंत अशी आहे. (मध्यक म्हणजे सगळी कुटुंबे उत्पन्नाच्या चढत्या क्रमाने उभी केली तर बरोबर मधल्या कुटुंबाचे उत्पन्न.) कल्पना समंजस आहे, कारण माणूस आपली तुलना आजूबाजूच्यांशीच करतो. अडचण अशी की मध्यक स्वतःच सरकतो. उद्या सगळ्यांचे उत्पन्न निम्मे झाले, तर या व्याख्येनुसार मध्यमवर्ग एका माणसानेही कमी होणार नाही. हे कल्पनेतले उदाहरण वाटेल, म्हणून खरे देतो. आर्थिक संकटाच्या काळात ग्रीसमध्ये मध्यकच कोसळला. त्याच्याशी बांधलेली दारिद्र्यरेषाही त्याच्याबरोबर खाली आली आणि दारिद्र्याच्या धोक्यात असलेल्यांचे प्रमाण वीस टक्क्यांच्या आसपासच घुटमळत राहिले. २००८ ची रेषा जागेवर धरून मोजले तेव्हा तेच प्रमाण चाळीस टक्क्यांच्या वर निघाले. दोन्ही आकडे एकाच देशाचे, एकाच काळाचे, आणि दोन्ही गणिताने अचूक.

आता उत्पन्नाच्या आतच जरा डोकावू. कुटुंब लहान-मोठे असते म्हणून तुम्ही त्याचे उत्पन्न सदस्यसंख्येच्या वर्गमुळाने भागता. ओईसीडीची ही सोपी रीत आहे. तिच्या हिशेबाने चौघांच्या घराला एकट्या माणसाच्या दुप्पट पैसे लागतात. काहीतरी ढोबळ धरावे लागणारच, हे कबूल. पण या वर्गमुळाला चारातला एक माणूस अंथरुणाला खिळलेला आहे हे कळत नाही. रोजची औषधे, वर्षानुवर्षे चालणारे उपचार, त्याच्याजवळ कोणीतरी बसावे लागते म्हणून घरातल्या एकाने सोडलेली नोकरी, यांतले काहीच भाजकात येत नाही. उलट नोकरी सुटल्याने घटलेले उत्पन्न तेवढे नोंदले जाते, तेही कारणाशिवाय. शेजारच्या चौघांच्या घरात सगळे ठणठणीत आहेत, घर स्वतःचे आहे, कर्ज फिटलेले आहे. दोन्ही घरांचे उत्पन्न सारखे असेल तर तुमच्या तक्त्यात ती एकाच खान्यात, एकमेकांना खेटून बसतात.

मी घरखर्चाची वही लिहिणारा माणूस आहे. जमेच्या बाजूला दोन-तीन ओळी असतात, खर्चाची बाजू पानभर चालते. मध्यमवर्ग ठरवताना तुम्ही ती दोन-तीन ओळींचीच बाजू वाचता, नाहीतर खर्चाची नुसती बेरीज.

आणि गंमत अशी की ज्यांचे पैसे खरोखर पणाला लागतात ते लोक असे करत नाहीत. कर्ज देणारी कुठलीही शहाणी बँक नुसता पगार बघून थांबत नाही. नोकरी कायम की कंत्राटी, आधीचे हप्ते किती, घरात खाणारी तोंडे किती, तारण काय, जामीन कोण, हे सगळे ती विचारते. तिला कर्जदाराची श्रीमंती मोजायची नसते. वाईट दिवस आले तर हा माणूस कितपत टिकेल, एवढेच तिला हवे असते. बँक हे आपल्या नफ्यासाठी करते, हे उघडच आहे. पण वर्ग ठरवायला तिचा प्रश्न तुमच्या प्रश्नापेक्षा जास्त उपयोगाचा आहे.

तुमच्यातल्या काहींनी हा प्रश्न विचारला होता, आणि मला वाटते या साऱ्या साहित्यातली ती सर्वांत चांगली कल्पना होती. लोपेझ-काल्वा आणि ओर्तिझ-ह्वारेझ या दोघांनी चिली, मेक्सिको आणि पेरू या देशांत त्याच त्या कुटुंबांचा काही वर्षे पाठपुरावा करणाऱ्या पाहण्या घेतल्या. कोणते कुटुंब दारिद्र्यात घसरले, कोणते नाही, हे पाहिले. मग मध्यमवर्ग कुठे सुरू होतो याचे उत्तर त्यांनी असे मांडले की जिथे दारिद्र्यात घसरण्याची शक्यता दहा टक्क्यांच्या खाली जाते, तिथे. मला हे वाचून बरे वाटले. माणूस आज किती कमावतो याऐवजी तो पडण्यापासून किती दूर उभा आहे, हे त्यांनी मोजले. मध्यमवर्गीय जगण्याचा गाभा तोच आहे. मुलाच्या शिक्षणाची आखणी आज करता येणे, एखादा महिना बिनपगारी गेला तरी घर हलू न देणे, वरिष्ठ अपमान करू लागला तर नोकरी सोडण्याचा निदान विचार करता येणे, ही सगळी त्या अंतराची रूपे आहेत.

पुढे काय झाले? त्या दहा टक्क्यांच्या शक्यतेचे रूपांतर त्या तीन देशांपुरत्या एका उत्पन्नात केले गेले आणि ते साधारण माणशी दहा डॉलर निघाले. जागतिक बँकेच्या लॅटिन अमेरिकेवरच्या अहवालात १० ते ५० डॉलर हा मध्यमवर्गाचा पट्टा झाला. मग दहाचा आकडा इतर खंडांतही वापरात आला. पण दहा डॉलरवर असलेल्या माणसाची घसरण्याची शक्यता देशादेशांत सारखी कशी असेल? जिथे सरकारी दवाखाना चालतो, बेकारीचा भत्ता मिळतो, शाळेला पैसे पडत नाहीत, तिथे त्याहून कमी उत्पन्नातही माणूस घट्ट उभा राहतो. जिथे एका शस्त्रक्रियेने घर विकावे लागते तिथे वीस डॉलरही पुरत नाहीत. जिथे नवे सर्वेक्षण करायला हवे होते तिथे जुना आकडा उचलून लावला गेला. इतका चांगला प्रश्न स्वतःच्याच उत्तराखाली गाडला गेला, याचे मला वाईट वाटते.

आता पलीकडची बाजू. उत्पन्न सोडा, जीवनमान मोजा, असे म्हणणाऱ्यांचीही मी सहज पाठराखण करणार नाही. त्यांतला एक पंथ घरातल्या वस्तू मोजतो. यंत्रे किती, वाहन आहे का, फोन कसला. वस्तू डोळ्यांना दिसतात, म्हणून मोजायला सोप्या. पण वस्तू हप्त्यावर येतात आणि हप्ता थकला की जातात. शिवाय काही वस्तू चैनीच्या नसून सक्तीच्या असतात. जिथे सार्वजनिक वाहतूक नाही तिथे गाडी ही नोकरी टिकवण्याची अट होऊन बसते. तिला सुबत्तेची खूण मानणे म्हणजे खर्चालाच मिळकत मानणे. दुसरा पंथ लोकांना थेट विचारतो की तुम्ही समाधानी आहात का. अमर्त्य सेन यांनी यातला धोका अनेकदा दाखवला आहे. दीर्घकाळ वंचित राहिलेला माणूस आपल्या अपेक्षाच आवरत्या घेतो आणि थोडक्यात समाधान मानायला शिकतो. त्याच्या समाधानावरून त्याच्या स्थितीचा अंदाज बांधला तर सर्वांत सोशिक माणूस सर्वांत सुखी ठरेल. आणि तिसरी भीती राजकीय आहे. जीवनमानाचे निकष सरकारच्या हाती दिले तर सरकार आपल्याला शोभणारे निकष निवडेल. कागदावर शाळा आहे, नळ आहे, तार आहे. शाळेत शिक्षक आहे का, नळाला पाणी आहे का, तारेत वीज आहे का, हे रकाने कोऱ्या वहीतच राहतील. उत्पन्नाच्या आकड्यात निदान लबाडी पकडणे सोपे असते, एवढे श्रेय मी त्याला देतो.

मग मोजायचे काय? मला वाटते, उत्तराचे तुकडे तुमच्याच दप्तरांत विखुरलेले आहेत.

अमेरिकेची मध्यवर्ती बँक २०१३ पासून आपल्या घरगुती अर्थस्थितीच्या पाहणीत एक साधा प्रश्न विचारते: अचानक ४०० डॉलरचा खर्च उद्भवला तर तो कसा भागवाल? पहिल्या वर्षी निम्म्याच लोकांनी, रोख रकमेने किंवा तिच्यासारख्याच सोयीने भागवू, असे सांगितले. २०२३ मध्ये ते प्रमाण ६३ टक्के होते. इतक्या श्रीमंत देशात दहा वर्षांनंतरही तिघांमागे एकापेक्षा अधिक जणांना ४०० डॉलरसाठी उसनवारी, विक्री किंवा क्रेडिट कार्डाची थकबाकी यांपैकी कशाचा तरी आधार लागतो, किंवा तो खर्च झेपतच नाही. हे सगळे लोक तुमच्या पट्ट्याच्या खाली आहेत असे समजू नका.

युरोपची सांख्यिकी संस्था वंचितता मोजताना तेरा गोष्टी विचारते. अनपेक्षित खर्च पेलतो का, वर्षातून आठवडाभर घराबाहेर सुट्टीला जाता येते का, मोडके फर्निचर बदलता येते का, पायांत घालायला दोन धड जोड आहेत का, दर आठवड्याला स्वतःवर थोडे पैसे खर्च करता येतात का, महिन्यातून एकदा मित्रांसोबत वा नातलगांसोबत खाणेपिणे होते का. तेरांपैकी सात गोष्टी परवडत नसतील तर ती तीव्र वंचितता धरली जाते. यादीतले शेवटचे दोन प्रश्न मला फार महत्त्वाचे वाटतात. माणसाने चारचौघांत मिसळावे, स्वतःसाठी काही राखावे, हे कोणीतरी मोजण्याच्या लायकीचे मानले. ॲडम स्मिथ यांनी १७७६ मध्येच लिहून ठेवले होते की त्यांच्या काळी तागाच्या सदऱ्यावाचून चारचौघांत जायला साध्या मजुरालाही लाज वाटेल, म्हणून तो सदरा गरजेचाच भाग मानायला हवा. हे प्रश्न आज वंचितता मोजायला वापरतात. त्यांचीच वरची बाजू मध्यमवर्ग मोजायला का वापरू नये?

घराचा प्रश्न तर तुम्ही स्वतःच मांडला आहे. ओईसीडीच्या त्याच २०१९ च्या अहवालात म्हटले आहे की १९९० च्या दशकात मध्यम-उत्पन्न कुटुंबांच्या अंदाजपत्रकाचा चौथा हिस्सा घरावर जात असे, आता तिसरा हिस्सा जातो. आणि या कुटुंबांपैकी पाचांत एकाहून अधिक घरे कमाईपेक्षा जास्त खर्च करतात. अंथरूण पाहून पाय पसरावेत असे त्यांना सांगण्यात अर्थ नाही. पाय तेवढेच आहेत, अंथरूण आखडले आहे. जर्मन संख्याशास्त्रज्ञ एर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ मध्ये दाखवले होते की कुटुंब जितके गरीब तितका त्याच्या खर्चातला अन्नाचा वाटा मोठा. आज मधल्या थरांना अन्नापेक्षा घर, शिक्षण आणि आजारपण जड जाते. एंगेल यांची पद्धत मात्र आजही खरी आहे: मिळकत कमी बघा, ती कुठे जाते ते जास्त बघा.

वेळेबद्दल तुम्ही जवळजवळ काहीच बोलत नाही, आणि इथे मी जरा चिडून लिहितो आहे. अर्थतज्ज्ञ क्लेअर व्हिकरी यांनी १९७७ मध्येच वेळेचे दारिद्र्य ही कल्पना मांडली होती. घर चालायला पैशांइतकाच घरकामाचा आणि सांभाळण्याचा वेळ लागतो. तो नसेल तर विकत घ्यावा लागतो आणि विकत घेता आला नाही तर झोपेतून, तब्येतीतून कापावा लागतो. दोघे मिळून चार पाळ्या करून जे घर तुमच्या पट्ट्यात पोहोचले आणि जे घर एकाच्या आठ तासांच्या नोकरीवर पोहोचले, त्यांच्यात तुमचा तक्ता काहीही फरक करत नाही. पहिल्या घरातली बाई किती वाजता झोपते, हे कोणत्याच रकान्यात नाही. आणि बहुतेक घरांत तो कापलेला वेळ बाईचाच असतो.

तुम्ही म्हणाल, इतके सगळे एकत्र कसे करायचे, कशाला किती वजन द्यायचे, आणि ते ठरवणार कोण? प्रश्न रास्त आहे. मानवी विकास निर्देशांक १९९० मध्ये आला तेव्हाही हाच आक्षेप होता, आणि बहुआयामी दारिद्र्याचा निर्देशांक २०१० मध्ये आला तेव्हाही. दोन्ही आज सर्रास वापरले जातात. पण मी तुमच्याकडे आणखी एक निर्देशांक मागत नाही. सगळे एका आकड्यात दळून काढले की आत काय होते ते कळत नाही. त्यापेक्षा ब्रिटनमध्ये २००८ पासून चाललेला एक प्रयोग मला जास्त पटतो. तिथे किमान उत्पन्नाचा दर्जा ठरवताना संशोधक सामान्य लोकांच्या गटांना एकत्र बसवतात आणि सन्मानाने जगायला काय काय लागते हे त्यांच्याकडून वस्तुवार वदवून घेतात. तज्ज्ञ ती यादी पोषण, इंधन वगैरेंच्या दृष्टीने तपासून पाहतात, आणि मग त्या यादीची किंमत काढली जाते. उत्पन्नाचा आकडा तिथेही निघतोच, पण शेवटी निघतो. आधी जगणे ठरते, मग त्याचा हिशेब होतो. तुमच्याकडे क्रम उलटा आहे.

हे सगळे वाचून एखाद्याला वाटेल की व्याख्येचा वाद आहे, घालू देत तज्ज्ञांना. तसे नाही. जो पट्ट्याच्या वर गेला त्याची सवलत जाते, शिष्यवृत्ती जाते, अनुदान जाते. काठावरच्या कुटुंबाची पगारवाढ कधीकधी गमावलेल्या सवलतीपेक्षा लहान असते. ते कुटुंब बढती मिळून गरीब होते. आणि मध्यमवर्ग वाढला असे एकदा छापले की दवाखाने, शाळा, निवृत्तिवेतन ही ज्याची त्याने विकत घ्यायची गोष्ट आहे, असे म्हणायला मोकळीक मिळते. ज्या सोयींमुळे माणूस मध्यमवर्गात टिकतो त्याच सोयी, तो मध्यमवर्गात आला म्हणून, काढून घेतल्या जातात.

म्हणून माझे मागणे नेमके आहे. उत्पन्नाचा पट्टा ठेवा, पण तो एकटा छापू नका. त्याच्या शेजारी त्याच पट्ट्यातल्या किती कुटुंबांची गेल्या पाच वर्षांत दारिद्र्यरेषेखाली घसरण झाली, ते छापा. घर, आजारपण, शिक्षण आणि सांभाळ यांचा खर्च वजा जाता पट्ट्यात किती उरतात, ते छापा. सापेक्ष रेषेबरोबर एक जुनी, जागेवर बांधलेली रेषाही दाखवा. कामाचे आणि घरकामाचे तास त्याच पानावर येऊ द्या, दुसऱ्या खात्याच्या दुसऱ्या पुस्तिकेत नको.

माहिती नाही ही सबब सगळ्यांना चालणार नाही. अमेरिकेत त्याच कुटुंबांचा पाठपुरावा १९६८ पासून सुरू आहे, जर्मनीत १९८४ पासून. युरोपची मोठी पाहणी एकेका कुटुंबाला सलग काही वर्षे भेटत राहते. घसरणीचे आकडे तिथे आजच काढता येतात. जिथे असा पाठपुरावा नाही तिथे तो सुरू करा, त्याला वेळ लागेल हे मान्य आहे. तोवर त्या देशांच्या तक्त्यात उत्पन्नाचा गट अवश्य दाखवा, पण त्यावर मध्यमवर्ग असा मथळा देऊ नका, आणि घसरणीचा रकाना कोरा ठेवून का होईना, छापा.

कळावे,
आपला,
घरखर्चाची वही लिहिणारा एक वाचक